किरायानामा आणि परवानगी : धर्माबाद परिसरातील घरभाड्याच्या नियमनाचा इतिहास

महाराष्ट्रातील भाडे नियंत्रणाचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा मुंबईच्या चाळींपासून सुरुवात करतात आणि १९४७ च्या मुंबई कायद्याला साऱ्या राज्याचा कायदा मानून पुढे जातात. मात्र नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांपुरता हा क्रम लागू पडत नाही, कारण या भागात घर किरायाने देण्याघेण्याचे नियम मुंबईहून नव्हे, तर हैदराबादहून आले, आणि ज्या राज्याने ते केले ते राज्य नकाशावरून पुसले गेल्यानंतरही त्रेचाळीस वर्षे ते इथे टिकून राहिले. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, गोदावरीच्या परिसरात वसलेले धर्माबाद हे गाव हा इतिहास पाहण्यासाठी विशेष सोयीचे आहे. इथून रेल्वेने सिकंदराबादकडे निघाल्यास लगेच बासर लागते आणि तिथे तेलंगणाची हद्द सुरू होते. १९५६ पर्यंत या दोन्ही गावांवर एकाच सरकारचा अंमल होता, आणि त्यानंतर मात्र एकाच मुळातून निघालेले घरभाड्याचे नियम हद्दीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वाटांनी गेले. या साऱ्या वाटचालीत मध्यवर्ती प्रश्न एकच राहिला : स्वतःच्या मालकीचे घर दुसऱ्याला राहायला देताना मालकाने सरकारला काय सांगायचे, कधी सांगायचे आणि कशासाठी परवानगी घ्यायची.

धर्माबादची बाजारपेठ वाढली ती रेल्वेमुळे. हैदराबाद ते मनमाड हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि निजामाच्या राज्यातील कापूस, धान्य व मिरची यांना मुंबईची वाट मोकळी झाली. मार्गावरच्या स्थानकांजवळ मोंढे, म्हणजे धान्य आणि शेतमालाच्या ठोक व्यापाराच्या पेठा, उभे राहिले. धर्माबादचे नाव तर पुढे लाल मिरचीच्या बाजारासाठीच सर्वदूर झाले. अशा पेठेत किरायाची गरज दोन प्रकारची असते आणि त्या दोहोंची गल्लत केल्यास पुढचा इतिहास नीट उमगत नाही. पहिली गरज व्यापाराची : आडत दुकानासाठी गाळा, मालासाठी गोदाम, हंगामापुरती मोकळी जागा. दुसरी गरज माणसांची : बाहेरगावचे मुनीम, हमाल, जिनिंगचे कामगार, रेल्वेचे व सरकारचे नोकर आणि शाळामास्तर यांना कुटुंबासह राहण्यासाठी एखादी खोली किंवा वाड्यातील एखादा सोपा. पहिल्या व्यवहारात दोन्ही बाजू व्यापारी असल्याने लिखापढी होत असे. दुसऱ्यात बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाचा शब्द आणि महिन्याच्या महिन्याला मोजलेले पैसे एवढाच पुरावा असे.

या तोंडी व्यवहारालाही नियम होते आणि ते घराच्या बांधणीतून आलेले होते. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असते; लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काड्या पसरून त्यावर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर म्हणजे माळवद. हे छप्पर उन्हाळ्यात थंड राहते, पण दर पावसाळ्याआधी त्यावर नवी पांढरी माती टाकून ती दाबावी लागते, उतार पाहून पाणी जाण्याची पन्हळ मोकळी करावी लागते, आणि हे काम एक वर्ष चुकले तरी आषाढात घर गळू लागते. माती कोणी आणायची, मजुरी कोणी द्यायची आणि गळतीने भिंत खचली तर तिचा खर्च कोणाच्या नावे, या प्रश्नांवर मालक आणि किरायदार यांचे संबंध किरायाच्या रकमेइतकेच अवलंबून असत. भाडे नियंत्रणाच्या कायद्यांत पुढे दुरुस्तीसंबंधीची कलमे आली, ती शहरातील विटांच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून. मात्र ज्या वादांना ती उत्तर देत होती ते वाद माळवदाच्या घरांत कितीतरी आधीपासून चालू होते.

लेखी व्यवहार जिथे होई तिथे त्याचे दोन ठसे दिसतात. निजाम राज्याची राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्याने कचेरीत दाखवायचा किरायानामा, म्हणजे भाड्याचा करार, उर्दूत लिहिला जाई, तर व्यापाऱ्याच्या स्वतःच्या वहीत नोंद मोडीत किंवा तेलुगूत असे. रक्कम हाली रुपयांत मोजली जाई. हाली सिक्का हे हैदराबाद राज्याचे स्वतःचे नाणे होते आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, अर्थात ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, असा त्याचा सर्वसाधारण दर होता. मुंबईशी व्यापार करणाऱ्या आडत्याला माल कलदारात आणि गोदामाचा किराया हालीत असे दोन हिशेब सांभाळावे लागत. हालीचे चलन १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपले.

सरकारने घरभाड्यात हात घालण्याची कल्पना युद्धकाळातील टंचाईतून आली, ही गोष्ट जगभर सारखी आहे. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरातील कामगार वस्त्यांनी १९१५ मध्ये वाढीव भाडे भरण्यास नकार दिला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने भाडे गोठवणारा कायदा केला. मुंबईत १९१८ मध्ये त्या धर्तीचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात हैदराबाद शहरात वस्ती दाटली, बांधकामाचे साहित्य मिळेनासे झाले आणि भाडी वाढली, तेव्हा निजाम सरकारने फसली १३५३ मध्ये घरभाडे नियंत्रणाचा हुकूम काढला. फसली हे हैदराबाद राज्याच्या कारभारातील सौर वर्ष होते आणि त्यात ५९० मिळवले असता इसवी सन येतो, म्हणजे हा हुकूम १९४३–४४ सालचा ठरतो. हा हुकूम राजधानीच्या गरजेतून निघालेला होता. मराठवाड्यातील मोंढ्यांचा विचार त्यामागे असण्याचे कारण नव्हते. तरीही घरमालक हा आपल्या घरापुरता पूर्ण मुखत्यार नाही, टंचाईच्या काळात त्याच्या मुखत्यारीवर सरकारचा पहिला हक्क आहे, हे तत्त्व या हुकमाने राज्यात रुजवले आणि ते नंतर काढले गेले नाही.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली आणि या तत्त्वाला नवे कारण मिळाले. राज्याचा कारभार सावरण्यासाठी शेजारच्या प्रांतांतून अधिकारी व कर्मचारी आणले गेले, जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि या मंडळींना राहायला घरे हवी होती. त्याच काळात राज्य सोडून पाकिस्तानात गेलेल्या कुटुंबांची घरे १९५० च्या केंद्रीय निर्वासित मालमत्ता कायद्यान्वये कस्टोडियनच्या, म्हणजे अशा मालमत्तेच्या सरकारी राखणदाराच्या, ताब्यात गेली आणि तिथे सरकार स्वतःच घरमालकाच्या जागी उभे राहिले. मराठवाड्याच्या शहरांतील अनेक मोहल्ल्यांचे मालकीहक्क या उलथापालथीत बदलले. या विषयावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे आणि ही उणीव गंभीर आहे.

याच पार्श्वभूमीवर हैदराबाद राज्याच्या विधानसभेने १९५४ मध्ये घरांचे भाडे, निष्कासन आणि पट्टा यांच्या नियंत्रणाचा कायदा केला. निष्कासन म्हणजे भाडेकरूला जागेतून काढणे, आणि पट्टा म्हणजे जागा भाड्याने देण्याचा करार. या कायद्याने युद्धकालीन हुकमाची जागा घेतली आणि नियंत्रक नावाचा अधिकारी निर्माण केला, ज्याच्याकडे तीन प्रकारची कामे आली. वाजवी भाडे ठरवणे हे त्यातील एक काम होते. मालक किंवा भाडेकरू यांपैकी कोणीही अर्ज केला तर नियंत्रक चौकशी करून रक्कम ठरवी. दुसरे काम भाडेकरूला काढण्याच्या अर्जांवर निर्णय देण्याचे. एरवी दिवाणी न्यायालयात जाणारा हा वाद नियंत्रकापुढे आला, आणि भाडे थकवणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, जागेचा ठरल्यापेक्षा वेगळा वापर करणे, जागेचे नुकसान करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे किंवा मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असणे, अशा कायद्यात मोजून दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येईनासे झाले.

तिसरे काम, म्हणजे घर रिकामे झाल्याची सूचना, हाच या कायद्याचा सर्वांत कडक भाग होता. भाडेकरू निघून गेला किंवा मालकाने स्वतः घर सोडले की मालकाने ही गोष्ट लेखी कळवायची, सरकारला ते घर आपल्या कर्मचाऱ्यासाठी हवे असेल तर सरकारने ते घ्यायचे, आणि सरकारने गरज नसल्याचे कळवले किंवा ठरावीक मुदत उलटली की मगच मालकाने नवा भाडेकरू पाहायचा, अशी ही रचना होती. परवाना हा शब्द कायद्यात नव्हता. पण रिकाम्या घराची सूचना दिल्यावाचून नवा भाडेकरू ठेवता येत नाही, याचा व्यवहारातील अर्थ प्रत्येक भाडेपट्ट्यापूर्वी सरकारची मूक संमती लागणे असाच होता. महसुली व पोलीस खात्यांतील बदलीची माणसे ज्या गावांत येत तिथे ही तरतूद मालकांना जाचक वाटणे स्वाभाविक होते, कारण सरकारी भाडेकरू एकदा आला की त्याच्या जागी पुन्हा सरकारी भाडेकरूच येण्याची शक्यता असे. मात्र या तरतुदीची दुसरी बाजूही न्यायाने नोंदवली पाहिजे. नात्यागोत्याच्या आणि जातीच्या ओळखीवर ज्या गावांत घरे मिळत, तिथे परक्या जातीच्या किंवा परक्या भाषेच्या कर्मचाऱ्याला छप्पर मिळवून देण्याचे दुसरे साधन सरकारजवळ नव्हते, आणि मालकाच्या पसंतीला बाजूला सारणारा हा एक अधिकार त्या काळी सामाजिकदृष्ट्या मोलाचा होता.

कायदा मुख्यतः शहरी वस्त्यांसाठी होता, त्यामुळे गावागावांत त्याची धार सारखी नव्हती. जिथे तो लागू नव्हता तिथे मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या सर्वसाधारण कायद्याचे तत्त्व चाले, ज्याप्रमाणे महिनेवारी राहणाऱ्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन जागा मोकळी करून घेता येते. म्हणजे नियंत्रकाच्या क्षेत्रातील किरायदाराला कायद्याचे पक्के संरक्षण आणि त्या क्षेत्राबाहेरच्याला जेमतेम अर्ध्या महिन्याची मुदत, अशी तफावत एकाच जिल्ह्यात राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नांदेड जिल्हा मात्र पूर्ण आला नाही; देगलूर तालुक्यातील बिच्कुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली, आणि धर्माबाद हे आतल्या भागातील गाव न राहता हद्दीवरचे गाव झाले. नातीगोती, बाजारहाट आणि तेलुगू–मराठी अशी दुहेरी बोली यांत या रेषेने लगेच फरक पडला नाही, पण कायद्यात पडला. आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये मद्रासकडून आलेला आणि हैदराबादचा असे दोन्ही कायदे रद्द करून इमारतींच्या भाड्याचा एकच कायदा केला. रिकाम्या इमारतीची सूचना दहा दिवसांत देण्याचे बंधन त्याने कायम ठेवले आणि वाजवी भाड्यासाठी ५ एप्रिल १९४४ पूर्वीच्या बारा महिन्यांतील दर हा पाया धरला. नवी बांधकामे वाढावीत म्हणून २६ ऑगस्ट १९५७ नंतर बांधलेल्या इमारतींना त्या कायद्यातून सूट होती. ही सूट अनिश्चित काळ चालू ठेवल्याने भाडेकरूंत अन्याय्य भेद होतो, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती रद्द केली.

हद्दीच्या अलीकडे असे एकत्रीकरण झाले नाही. मुंबई राज्याने आणि १९६० नंतर महाराष्ट्राने तीन वेगवेगळे कायदे तीन विभागांत तसेच चालू ठेवले : पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश, आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. नांदेड जिल्ह्याला याचा प्रत्यय सर्वांत जवळून येण्यासारखा होता, कारण पैनगंगेच्या उत्तरेला यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडचा आदेश चाले, ज्याप्रमाणे मालकाला भाडेकरूला नुसती नोटीस देण्यासाठीही आधी नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. पूर्वेला आंध्रचा कायदा होता. आणि मधल्या पट्ट्यात हैदराबादचा. एका भाषेच्या राज्यात एका नागरिकाला नदी ओलांडली की घरमालक म्हणून वेगळे कर्तव्य आणि भाडेकरू म्हणून वेगळा हक्क असावा, ही स्थिती चार दशके चालू देणे हा राज्यकर्त्यांचा दोष होता, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाच्या चर्चेत कायद्याचा हा अनुशेष मोजला गेला पाहिजे.

नियंत्रणाचा परिणाम नगरपालिकांवरही झाला. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याखाली घरपट्टी वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ते घर वर्षभरात वाजवीपणे किती भाडे देईल या अंदाजावर, बसवली जाई आणि त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजावट मिळे. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात १९७९ मध्ये स्पष्ट केले की भाडे नियंत्रण लागू असेल तिथे हे मूल्य कायद्याने ठरणाऱ्या भाड्यापेक्षा अधिक धरता येत नाही. साहजिकच भाडे जुन्या पातळीवर राहिले की नगरपालिकेचे उत्पन्नही तिथेच राहिले, आणि प्रत्यक्ष घेतलेला किराया कागदावर न आणण्यात मालकाचा दुहेरी फायदा झाला. भाडेकरूला पावती न देण्याची सवय याच काळात घट्ट झाली. पावती नाही म्हणजे कर नाही, आणि पावती नाही म्हणजे भाडेकरूचा पुरावाही नाही.

तीन कायद्यांचा काळ संपण्यास मुंबईचा खटला कारणीभूत झाला. १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठवणाऱ्या मुंबई कायद्यातील तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी दिला, आणि राज्याला नवा कायदा करणे भाग पडले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला आणि त्याच दिवशी हैदराबादचा १९५४ चा कायदा मराठवाड्यातून संपला. नव्या कायद्याने १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे अधिक पाच टक्के हा प्रमाण भाड्याचा पाया धरला, दरवर्षी चार टक्के वाढीचा हक्क मालकाला दिला, आणि वाद नियंत्रकाकडून काढून दिवाणी न्यायालयाकडे सोपवले. मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करावा, ही सोयही त्यात आहे.

रिकाम्या घराची सूचना या कायद्यात उरली नाही; तिच्या जागी कागद आला. कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने देण्याचा किंवा संमती-अनुज्ञप्तीने, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील लिव्ह ॲण्ड लायसन्सने, वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी लागते म्हणून करार अकरा महिन्यांचा करण्याची जी पळवाट देशभर रूढ आहे, ती या कलमाने महाराष्ट्रापुरती बंद केली. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. संमती-अनुज्ञप्तीची मुदत संपूनही राहणाऱ्याने दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यायची, ही मालकाच्या बाजूची तरतूद कलम २४ मध्ये आहे. कायदा प्रथमतः त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो, पण दस्त नोंदवण्याची सोय सर्वांना सर्वत्र खुली आहे.

कलम ५५ ची खरी कसोटी आज लातूरात लागते. बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी मराठवाड्यातून व कर्नाटकाच्या सीमाभागातून येणारी मुले तिथे रूम आणि मेसच्या आधारावर राहतात, मालक एका खोलीत तीन-चार खाटा मांडून दर खाटेमागे पैसे घेतो, आणि डिपॉझिट परत मिळण्याची हमी सहसा कोणत्याही दस्तात नसते. इंग्लंडमध्ये अनेक बिनसंबंधी माणसे एकत्र राहतात अशा घरांच्या मालकाला २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली स्थानिक परिषदेकडून परवाना घ्यावा लागतो आणि तो देताना आगीपासून सुरक्षितता, खोलीचा आकार व स्वच्छतागृहे तपासली जातात. आपल्याकडे घरमालकाकडून हमखास मागितली जाते ती भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याची हमी. जिल्हा प्रशासनाच्या मनाई आदेशांतून ती येते, आणि तिचा रोख भाडेकरूवरच असतो. घर राहण्यायोग्य आहे का, हे त्यात कोणी विचारत नाही. १९५४ च्या नियमात सरकारची नजर निदान घरावर होती.

धर्माबादसारख्या हद्दीवरच्या पेठेत नोंदणीकृत कराराचा कागद आणखी गरजेचा आहे, कारण इथला किरायदार अनेकदा पलीकडच्या राज्याचा असतो आणि त्याच्या रेशनकार्डापासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत निवासाचा पुरावा लागतो. संमती-अनुज्ञप्तीच्या दस्ताला एकूण मुदतीच्या शुल्कावर पाव टक्का इतकेच मुद्रांक शुल्क आहे आणि तो आता ऑनलाइन नोंदवता येतो. नोटरीच्या अकरा महिन्यांच्या कागदावर भागवण्याला खर्चाचे कारण उरलेले नाही. घरमालकांनी तो दस्त करावा आणि किरायदारांनी तो मागावा. नगरपरिषदांनी घरपट्टीच्या नोंदीबरोबर किरायाने दिलेल्या घरांचे साधे नोंदपुस्तक ठेवावे. आणि ज्या घरांतून उर्दू, मोडी किंवा तेलुगूतील जुने किरायानामे अजून शिल्लक आहेत, त्यांनी ते रद्दीत न घालता छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेखागाराकडे द्यावेत. हैदराबादच्या कारभाराचे बहुतेक दप्तर हैदराबाद शहरातील तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे, पण गावातील किरायदाराने काय कबूल केले होते, हे त्या दप्तरात मिळणार नाही.